जुन्या मोटारीच्या स्वयंचलित गियरबॉक्समधील तेल : बदलावें कीं न बदलावें ?

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बीबी (ता. लोणार, जि. बुलढाणा) येथील एका बागाईतदार गृहस्थांनीं गेल्या उन्हाळ्यांत एक जुनी मोटार विकत घेतली. गाडी डिझेलवर चालणारी, सात माणसांची, गियर आपोआप बदलणारी. मीटरवर एक लक्ष छत्तीस हजार किलोमीटरांची नोंद. इंजिनचें तेल वेळच्या वेळीं बदलल्याचीं बिलें पूर्वीच्या मालकानें जपून ठेविलीं होतीं. परंतु गियरबॉक्सचें तेल बदलल्याचें एकहि बिल त्यांत नव्हतें. गृहस्थांनीं दोन मिस्त्रींस विचारलें. एकानें सांगितलें, "यंत्र लावून सगळें तेल एका दमांत धुऊन काढूं." दुसऱ्यानें सांगितलें, "इतक्या चाललेल्या गाडीचें तेल मुळींच हलवूं नका. नवें तेल घातलें कीं गियर घसरावयास लागतात." दोघेहि अनुभवी, आणि दोघांचीं मतें परस्परांच्या अगदीं उलट.

हा प्रश्न आतां एकट्या त्या गृहस्थांचा राहिलेला नाहीं. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग आपल्या जिल्ह्यांतील मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगांवराजा या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं व शेवटचा इगतपुरी ते आमणें हा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. लांबचा प्रवास सोपा झाला, तशा आपल्या गांवांतूनहि क्लचचें पायडल नसलेल्या जुन्या गाड्या दिसूं लागल्या आहेत. ट्रॅक्टरच्या तेलाविषयीं शेतकऱ्यास पुष्कळ कळतें. या गियरबॉक्सविषयीं मात्र ऐकीव माहितीवरच काम चालतें. आणि तो एकदां बिघडला म्हणजे दुरुस्तीचा खर्च लाख रुपयांच्या पुढें सहज जातो. तीनचार एकर सोयाबीनचें ढोबळ उत्पन्न एका बिलांत संपलें असें समजावें. म्हणून या विषयाची थोडी फोड करणें अवश्य वाटतें.

प्रथम आपली गाडी कोणत्या जातीची आहे तें ओळखिलें पाहिजे. क्लचचें पायडल नाहीं एवढ्यावरून सर्व गाड्या सारख्या ठरत नाहींत. मारुति सुझुकीनें २०१४ सालीं सेलेरिओ गाडींत जी योजना आणिली व पुढें अनेक लहान गाड्यांतून जी आली, तींत गियरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबण्याचें आणि गियर टाकण्याचें काम तेवढें माणसाऐवजीं एक यंत्र करितें. तीस ए.एम.टी. म्हणतात. तिच्या गियरबॉक्सला साधें गियर ऑईल लागतें, आणि या लेखांतील पुष्कळसा भाग तिला लागू पडत नाहीं. दुसरी जात सी.व्ही.टी.; हिच्यांत दोन पुलींवर पोलादी पट्टा फिरतो व हिचें तेल सर्वस्वी निराळें असतें. तिसरी दोन क्लचांची, डी.सी.टी. चवथी आणि सर्वांत जुनी जात टॉर्क कन्व्हर्टरची. इनोव्हा क्रिस्टाची स्वयंचलित गाडी, किंवा २०१५ सालीं निघालेली डिझेलची स्वयंचलित क्रेटा, या या जातींतल्या. बीबीची गाडीहि याच जातीची असल्यामुळें येथें मुख्यतः हिचाच विचार केला आहे.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे तेलानें भरलेल्या बंद भांड्यांत समोरासमोर ठेविलेले दोन पंखे. एक इंजिनबरोबर फिरतो व तेल दुसऱ्यावर फेंकतो. त्या तेलाच्या माऱ्यानें दुसरा फिरूं लागतो. मध्यें तेल परतवून लावणारा एक तिसरा लहान पंखा असतो, त्यामुळें निघतांना जोर वाढतो. ही युक्ति हरमान फॉटिंगर या जर्मन इंजिनियरानें १९०५ सालीं शोधिली ती आगबोटींसाठीं; टर्बाइनचा भरधांव वेग पंख्याच्या मंद वेगास जुळविण्याकरितां. मोटारींत पूर्ण स्वयंचलित गियरबॉक्स मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत 'हायड्रामॅटिक' या नांवानें दिला.

आतां मुख्य मुद्दा असा कीं, या गियरबॉक्समध्यें तेल हें केवळ वंगण नव्हे. तें इंजिनची शक्ति चाकांकडे पोंचवितें. पंपाच्या दाबानें क्लचप्लेटी आवळतें. चक्रांच्या दांत्यांस वंगण देतें. आणि उष्णता उचलून कूलरकडे नेतें. या सर्वांहून नाजूक काम म्हणजे, क्लचप्लेटी तेलांत बुडालेल्या असूनहि त्यांनीं एकमेकींस धरावें, आणि धरतांना झटका मात्र देऊं नये, असा बेताचा चिकटपणा राखणें. ज्यांच्या ट्रॅक्टरला तेलांत बुडालेले ब्रेक आहेत त्यांस हें चटकन् कळेल. त्यांत भलतेंच तेल घातलें तर ब्रेक कसे कण्हतात हें पुष्कळांनीं ऐकिलें असेल. तोच प्रकार येथें अधिक सूक्ष्म प्रमाणांत असतो. हा बेत साधण्यासाठीं पूर्वी या तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत असत. १९७० नंतर अमेरिकेनें देवमाशाच्या तेलावर बंदी घातली, तेव्हां त्याच्या जागीं दुसरें द्रव्य बसवितांना रसायनशास्त्रज्ञांची बरीच तारांबळ उडाली.

तेल म्हातारें होतें तें मुख्यतः उष्णतेनें. चालत्या गाडींत तें साधारणपणें ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतें. त्यापुढें दर १० अंशांस तेल हवेंतील ऑक्सिजननें खराब होण्याचा वेग सुमारें दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. वैशाखांतल्या दुपारीं भरलेली गाडी मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्यास आणली, किंवा लग्नाच्या गर्दींत तास-दीड तास इंच इंच सरकविली, तर सपाट रस्त्यावरील कित्येक दिवसांचें वय तेल त्या एका फेरींत खर्च करितें. तेलांतील मिश्रणद्रव्यें संपतात, क्लचप्लेटींची झीज त्यांत मिसळते, आणि जुन्या तेलाचा लाखेसारखा पातळ थर व्हॉल्व्हांवर बसूं लागतो. हे व्हॉल्व्ह इतके काटेकोर बसविलेले असतात कीं थोड्याशा थरानेंहि ते अडखळतात. मग गियर उशीरां पडतो किंवा धक्का देऊन पडतो.

येथें वाचक विचारतील कीं, कांहीं गाड्यांच्या पुस्तकांत हें तेल गाडीच्या जन्मभर पुरतें असें लिहिलेलें असतें, त्याचें काय ? जन्मभर म्हणजे कोणाच्या जन्मभर, हें त्यांत सांगितलेलें नसतें. जर्मनींतील झेड.एफ. ही गियरबॉक्स तयार करणारी नामांकित कंपनी स्वतःच्या गियरबॉक्सचें तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांनीं, अथवा फार तर आठ वर्षांनीं बदलावें असें सांगते. पुष्कळ पुस्तकांत कठीण वापरासाठीं निराळें कोष्टक दिलेलें असतें. उष्ण हवा, धूळ, चढ, ओझें ओढणें, हीं त्या कठीण वापराचीं लक्षणें म्हणून सांगितलेलीं असतात. विदर्भांतील गाडीनें तेंच कोष्टक आपलें समजावें हें उत्तम.

मग दुसऱ्या मिस्त्रीची भीति सर्वस्वी खोटी काय ? तसें म्हणवत नाहीं. त्याच गांवाजवळच्या आणखी एका शेतकऱ्याची गाडी चढावर रेस घेई, पण वेग घेईना. त्यानें तेल बदललें आणि पंधरा दिवसांत गाडी जागची हालेनाशी झाली. नव्या तेलानें गियरबॉक्स खाल्ला असें तो आजहि सांगतो. पण त्याच्या हकीकतींतच उत्तर आहे. तेल बदलण्यापूर्वींच क्लचप्लेटी घसरत होत्या, म्हणजे त्यांचें अस्तर झिजून गेलें होतें. रोग्याच्या घशांत अखेरचा घोट औषधाचा पडला म्हणून औषधानें मारिलें असें ठरत नाहीं. मात्र त्या मिस्त्रीच्या म्हणण्यांत एवढा अंश खरा आहे कीं, नव्या तेलांत मळ सोडविणारीं द्रव्यें ताजीं असतात. वर्षानुवर्षें बसलेला मळ एकदम सुटला तर तो बारीक वाटांत जाऊन अडकूं शकतो. यंत्राच्या दाबानें सगळें तेल धुऊन काढतांना हा धोका अधिक. जुन्या तेलांत तरंगणारी अस्तराची भुकटीहि झिजलेल्या प्लेटींस थोडीफार पकड देत असते असें म्हणतात. परंतु जो गियरबॉक्स अशा भुकटीच्या आधारावर उभा आहे, त्याचे दिवस तेल न बदलतांहि भरलेच आहेत.

सारांश दोन्ही मिस्त्रींच्या मध्यें एक तिसरी वाट आहे, आणि ती गाडीची परीक्षा करून मगच धरावयाची. गाडी थंड असतां दांडी 'डी'वर टाकल्यापासून गाडी ओढ घेईपर्यंत किती वेळ लागतो तें पाहावें. एक-दीड सेकंदाहून अधिक लागत असेल तर शंका घ्यावी. चढावर इंजिनचा आवाज वाढतो व वेग वाढत नाहीं असें आहे काय, तें पाहावें. मग थोडें तेल पांढऱ्या कागदावर घ्यावें. हें तेल पुष्कळदां मुद्दाम लाल रंगविलेलें असतें. तपकिरी झालें असेल तर एवढ्यानें घाबरूं नये. काळें असून त्यास जळका वास येत असेल, आणि गाडी घसरतहि असेल, तर तेल बदलण्यावर पैसे घालण्यापूर्वीं गियरबॉक्स जाणणाऱ्या कारागिराकडून दाबाची व संगणकांतील दोषांची तपासणी करून घ्यावी. तेल ताकासारखें गुलाबी-पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. अशी गाडी मुळींच चालवूं नये. पुष्कळ गाड्यांत या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आंत असतो, तो फुटला कीं हा प्रकार होतो. क्लचप्लेटीचें अस्तर कागदासारख्या तंतूंचें असून पोलादावर डिंकानें चिकटविलेलें असतें. पाण्यानें तें सुटतें.

गाडी नीट चालत असेल तर तेल टप्प्याटप्प्यानें बदलावें. खालचा बोल्ट काढला असतां सर्व तेल कधींच येत नाहीं, कारण कन्व्हर्टर व कूलर यांतलें तेल आंतच राहतें. समजा, एकंदर ८ लिटर तेल आहे व खालून ४ लिटर निघालें. तितकेंच नवें घातलें म्हणजे निम्में नवें झालें. हजार-दोन हजार किलोमीटर चालवून पुन्हां तसेंच केलें कीं तीन चतुर्थांश नवें होतें. तिसऱ्या वेळीं आठांपैकीं सात भाग. मचूळ पाण्याचा हौद एका दिवसांत उपसतां आला नाहीं तरी अर्धा अर्धा काढून गोड पाणी भरीत गेल्यास तो कसा निवळतो, हें बागाईतदारास समजावून सांगावयास नको. यांत तेल अधिक लागतें हें खरें. पण मळ हळूहळू सुटतो, आणि प्रत्येक वेळीं निघालेलें तेल पाहून पुढें जावें कीं थांबावें हें ठरवितां येतें. यंत्रानें धुण्यापेक्षां जुन्या गाडीस हीच रीति आम्हांस बरी वाटते.

बीबीच्या गृहस्थांनीं हीच धरली. पहिल्या वेळीं त्यांनीं खालचा चेंबर उतरवून आंतील फिल्टरहि बदलला. चेंबरमधील लोहचुंबकावर करड्या रंगाचा लोण्यासारखा लेप बसला होता. इतक्या चाललेल्या गाडींत तेवढा असावयाचाच. बोटांत टोंचणाऱ्या धातूच्या कपच्या सांपडल्या असत्या तर मात्र काम तेथेंच थांबवावें लागलें असतें.

प्रत्यक्ष कामांत एक गोष्ट सर्वांच्या आधीं करावी, आणि ती प्रस्तुत लेखक स्वतःच्या फजितीवरून सांगत आहे. खालचा बोल्ट सोडण्यापूर्वीं तेल भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो कीं नाहीं तें पाहावें. मीं एकदां उत्साहानें सगळें तेल खालीं सोडलें आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला. पाना घसरून त्याचे कोन गोल झाले, आणि गाडी दोन दिवस अंगणांत घोड्यांवर उभी राहिली. कारण रिकाम्या गियरबॉक्सची गाडी सुरू करून मिस्त्रीकडे नेतां येत नाहीं. घोड्यांचा उल्लेख केला तो मुद्दाम : केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीहि जाऊं नये. गाडी चारहि बाजूंनीं सारखी सपाट असावी. तेल गरम असेल तर चटकन् निघतें, पण हात भाजेल इतकें गरम नको.

निघालेलें तेल मोजणें हें अर्धें काम आहे. खुणा केलेल्या स्वच्छ डब्यांत तें मोजावें व अगदीं तितकेंच नवें घालावें. नरसाळें, नळी, हात, सर्व कांहीं स्वच्छ. खळ्यावर मळणीयंत्र चालू आहे किंवा वारें सुटलें आहे अशा दिवशीं हें काम उघड्यावर करूं नये. बोल्टचा वायसर प्रत्येक वेळीं नवा घालावा. आणि तेल गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या नेमक्या जातीचेंच आणावें. इनोव्हा क्रिस्टास टोयोटाचें डब्ल्यू.एस., क्रेटाच्या सहा गियरांच्या स्वयंचलितास एस.पी.-४, कोणास डेक्सरॉन-६. रंग लाल आहे म्हणून एकाच्या जागीं दुसरें चालत नाहीं. सी.व्ही.टी.मध्यें हें तेल, किंवा यांत सी.व्ही.टी.चें तेल, चुकूनहि घालूं नये. ट्रॅक्टरचें उरलेलें वेट ब्रेक तेल घालून पाहण्याचा मोह कोणास होत असेल तर त्यानें तो आवरावा.

शेवटीं पातळी. गेज असलेल्या जुन्या गाड्यांत बहुधा इंजिन चालू ठेवून, तेल गरम असतां, ब्रेक दाबून दांडी सर्व खाच्यांतून एकेकदां फिरवावी व 'पी'वर आणून मग गेज पाहावें. कोठें काय करावें तें पुस्तकांत असतेंच. नव्या गाड्यांत गेजच नसतें. त्यांत इंजिन चालू असतां पातळीचा एक बोल्ट उघडावयाचा, आणि जास्तीचें तेल थेंब थेंब गळूं लागलें म्हणजे तो लावावयाचा. परंतु त्या क्षणीं तेलाचें उष्णमान ठराविक असलें पाहिजे, बहुतेकांत ४० अंशांच्या आसपास. तें संगणकाची तार जोडून पाहावें लागतें, म्हणून एवढ्या कामापुरतें तरी जाणत्या मिस्त्रीकडे जावें. तेल कमी पडलें तर पंप हवा ओढतो व प्लेटी घसरतात. अधिक झालें तर फिरत्या चक्रांनीं घुसळून त्याचा फेंस होतो, आणि फेंसास दाब धरतां येत नाहीं. अर्ध्या लिटरची चूकहि येथें लहान नव्हे.

तेल बदलून झालें तरी आपल्या भागांत गियरबॉक्सचा जीव घेणाऱ्या दोन गोष्टी उरतात, आणि दोन्ही पावसाळ्यांतल्या. काळ्या मातींत चाक रुतलें असतां पुष्कळ लोक दाबून रेस देत राहतात. चाक जागीं गरगरतें, कन्व्हर्टरमधील तेल घुसळून तापतें, आणि वर्षभर जपलेलें तेल थोड्या मिनिटांत भाजून निघतें. अशा वेळीं रेस सोडावी, चाकाखालीं पऱ्हाट्या किंवा दगड घालावे, दोन माणसें लावावीं. दुसरी गोष्ट याहून घातक. गाडी बंद पडली कीं ट्रॅक्टरला दोर बांधून ती दहा-बारा किलोमीटर ओढीत नेण्याची आपली रीत आहे. साध्या गियरच्या गाडीस ती सोसते. स्वयंचलित गाडीचा तेलपंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद असतां चाकें फिरलीं तर आंतील चक्रें कोरडीं फिरतात. म्हणून ज्या चाकांस इंजिनची ओढ असते तीं जमिनीवरून उचलून, अथवा सबंध गाडीच ट्रॉलीसारख्या सपाट वाहनावर चढवून न्यावी. रुतलेल्या जागेंतून चार हात बाहेर काढण्यापुरता दोर लावण्यास हरकत नाहीं. नाल्याच्या पुरांतून गाडी घातली असेल आणि पाणी गियरबॉक्सच्या हवेच्या नळीपर्यंत चढल्याची शंका असेल, तर तेल त्याच दिवशीं तपासावें.

काढलेलें तेल बांधावर, नाल्यांत वा विहिरीजवळ ओतूं नये. २०१६ च्या नियमांप्रमाणें तें घातक टाकाऊ पदार्थांत मोडतें. डबा बंद करून नोंदणीकृत तेल गोळा करणाराकडे तें जाईल असें पाहावें. लाकडास वाळवी लागूं नये म्हणून तें फासण्याची चाल आहे. पण गोठ्याच्या खांबांस तें लावूं नये, कारण जनावरें खांब चाटतात.

बीबीच्या गाडीचें तेल तिसऱ्यांदां दिवाळीनंतर बदललें. पहिल्या वेळचें गडद तपकिरी, दुसऱ्या वेळचें विटकरी, तिसऱ्या वेळचें बाटलींत धरलें असतां पलीकडचें दिसावें इतकें लाल. दुसऱ्याहून तिसरा गियर पडतांना जो धक्का बसे तो आतां जाणवत नाहीं. सकाळच्या थंडींत पहिल्या फर्लांगांत मात्र थोडा बसतो. तो व्हॉल्व्हांच्या झिजेचा असावा असें मिस्त्रीचें मत असून तूर्त त्यास हात लावूं नये असें ठरलें आहे. दाराच्या आंतल्या बाजूस त्यांनीं एक कागद चिकटविला आहे. त्यावर तिन्ही तारखा, किलोमीटर, निघालेलें व घातलेलें तेल लिटरांत, आणि पुढील तपासणीचा आंकडा लिहिलेला आहे : १,८०,०००.